झुडपी बेडकांच्या प्रजातीचा घोळ : वाचकांचे प्रश्न

आंबोलीचे झुडपी बेडूक जुन्या पुस्तकात ‘फिलॉटस’ आहेत. नव्या याद्यांत काही ‘राओर्केस्टिस’, तर काही ‘स्यूडोफिलॉटस’. असं का?

पूर्वी शरीररचना पाहून हे सगळे फिलॉटसमध्ये टाकले जात. त्या प्रजातीचा (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत genus) मूळ नमुना जावा बेटावरचा. डीएनए तपासल्यावर आपले बेडूक तिचे जवळचे नातलग नाहीत हे कळलं. २०१० साली बिजू, शौचे आणि सहकाऱ्यांनी राओर्केस्टिस ही प्रजाती मांडली; नाव बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्यावरून. तिचे बहुतेक सदस्य भारतातले, तर स्यूडोफिलॉटसचे श्रीलंकेतले. मात्र २००९ साली फिलॉटस म्हणून नोंदलेला आंबोलीचा ‘अंबोली’ बेडूक आता स्यूडोफिलॉटसमध्ये आहे.

वाद अजून आहे, कारण या दोन प्रजाती एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. नात्याबद्दल फारसं दुमत नाही. दोन घरं मानायची की एक, हा अभ्यासकांनी घ्यायचा निर्णय आहे. मला दोन मानणं सोयीचं वाटतं, पण एकच मानणारे चूक ठरत नाहीत.

फोटोवरून जात ओळखता येईल?

बहुधा नाही. एकाच जातीत हिरवे, तपकिरी, पट्टेवाले असे सगळे सापडतात आणि रंगावर विसंबूनच नोंदी चुकतात. वरून, बाजूने, बोटांच्या टोकांच्या चकत्यांचा आणि जांघेतल्या रंगाचा असे फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा; प्रौढ राओर्केस्टिस साधारण १५ ते ४५ मिलिमीटरचे असतात. सर्वांत मोलाचा पुरावा आवाजाचा. दोन-तीन मिनिटं ध्वनिमुद्रण करा आणि तापमान नोंदवा, कारण थंडीत हाकांचा वेग मंदावतो. ध्वनिमुद्रण परत परत ऐकवून नराला डिवचू नका. बेडूक हातात घेऊ नका. डास पळवणारं मलम त्याच्या त्वचेतून आत जातं. खात्री नसेल तर नोंद प्रजातीपर्यंतच थांबवा.

जवळ पाणी नसताना अंडी कुठे?

ओल्या पालापाचोळ्यात किंवा झाडोऱ्यात. पोहणारं भैकेर (बेडकाचं शेपटीवालं पिल्लू) नसतंच. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो. राओर्केस्टिसमधली ‘चॅलाझोडिस’ ही जात तर बांबूच्या पोकळ कांड्यात अंडी घालते, नर ती राखतो. अंड्यांना कवच नसल्याने पाचोळा झाडला किंवा जाळला की ती वाळतात. म्हणून पावसाळ्यात बागेतला पाला तसाच राहू द्या.