आरआयएन ३ आला म्हणून सॅम्पल फेकून द्यायचं का?

प्रश्न : सर, मी परभणीला बायोटेकमधे एमएस्सी करायलेय. गुलाबी बोंडअळीच्या आतड्यातून आरएनए काढून बीटी कापूस खाल्लेल्या आणि साधा कापूस खाल्लेल्या अळीत कोणत्या जीनचं एक्स्प्रेशन बदलतं ते क्यूपीसीआरवर (जीनच्या प्रती मोजायच्या मशीनवर) बघायचंय. नॅनोड्रॉपवर २६०/२८० चा आकडा २ च्या वर आला म्हणून खूश होते, पण बायोअॅनालायझरच्या (आरएनएचे तुकडे लांबीनुसार दाखवणाऱ्या मशीनच्या) रिपोर्टमधे सगळ्यांचा आरआयएन, म्हणजे आरएनए किती अख्खा आहे तो १० पैकी आकडा, ३ ते ४ च आलाय, काहींना तर आकडाच नाही. सिनियर म्हणतात फेकून दे सगळं. हंगाम संपत आलाय, आता अळ्या कुठून आणू?

उत्तर : ताई, काही फेकू नका, आधी रिपोर्टमधला आकडा सोडा आणि त्याच्यासोबतचा आलेख उघडून बघा.

नॅनोड्रॉपचं आधी उरकतो. ते मशीन फक्त शुद्धता सांगतं, म्हणजे प्रोटीन राहिलंय का, २६०/२३० वरून किटमधलं ग्वानिडीन मीठ किंवा फिनॉल राहिलंय का, एवढंच. आरएनए अख्खा आहे की तुकडे झालेत हे त्याला कळतच नाही, बांगड्या फुटल्या तरी काचेचं वजन तेवढंच भरतं ना, तसं. त्यामुळं २ च्या आकड्यावर खूश व्हायचं पण तेवढ्यापुरतंच.

आता आरआयएन. ही १ ते १० ची मोजपट्टी २००६ साली आली आणि ती बसवली माणूस, उंदीर आणि रॅट (मोठा उंदीर) यांच्या आरएनएवर. त्यात २८एस आणि १८एस या दोन मोठ्या राइबोसोमल आरएनएचे दोन ठळक पीक (आलेखातली शिखरं) दिसायलाच पाहिजेत असं मशीन धरून चालतं. पण बहुतेक किड्यांच्या २८एस मधे मधोमध एक नैसर्गिक खंड असतो, दोन्ही अर्धे नुसत्या हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून राहतात. तुम्ही चिपवर टाकायच्या आधी सॅम्पल ७० अंशाला दोन मिनिटं तापवता तेव्हा ते सुटतात, आणि प्रत्येक अर्ध्याची लांबी जवळपास १८एस एवढीच असल्यामुळं सगळं एकाच पीकमधे जाऊन बसतं. मशीनला वाटतं २८एस गायब आहे, म्हणजे आरएनए सडलाय, आणि ते ३ लिहून मोकळं होतं. तुमची अळी पतंगाच्या कुळातली, त्यामुळं तुमच्याकडं हेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

खात्री करायची तर त्याच सॅम्पलचा एक भाग तापवून आणि एक न तापवता चालवा. न तापवलेल्यात २८एस परत दिसला तर प्रश्न मिटला. आलेखात १८एस च्या डावीकडची रेघ जमिनीला सपाट टेकलेली आहे का तेही बघा. पीक एकच पण टोकदार आणि रेघ सपाट, तर माल चांगला. डावीकडं टेकाड उठलंय आणि पीक त्यात बुडत चाललाय, तर मात्र आरएनए खरंच तुटलाय.

आणखी एक टेस्ट तुम्हाला घरच्याघरी करता येते. ऑलिगो-डीटी (आरएनएच्या ३' टोकाच्या शेपटीला चिकटणारा तुकडा) वापरून सीडीएनए (आरएनएवरून केलेली डीएनए प्रत) बनवा आणि एकाच लांब जीनच्या ३' टोकाकडं एक आणि ५' टोकाकडं एक असे दोन प्रायमर सेट (कुठला भाग मोजायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) लावा, सीडीएनए शेपटीकडून बनत येतो त्यामुळं आरएनए तुटका असेल तर ५' पर्यंत पोचतच नाही आणि दोन सीटींमधलं (किती फेऱ्यांनंतर सिग्नल दिसतो त्या आकड्यांमधलं) अंतर वाढतं.

पण ताई, माझ्या मते तुमच्या प्रयोगातली खरी भीती वेगळीच आहे. बीटीचं विष अळीच्या आतड्याच्याच पेशी फोडतं, आणि आतड्यात आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) भरपूर असतं. म्हणजे बीटी खाल्लेल्या गटात मरायला टेकलेल्या अळ्या घेतल्या असतील तर त्यांचा आरएनए दुसऱ्या गटापेक्षा जास्त तुटलेला निघणार, आणि तुम्ही त्यालाच जीनचं एक्स्प्रेशन कमी झालं असं लिहून बसाल. म्हणून दोन्ही गटांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडं तुटणं सारखंच असेल तर ७० ते १५० बेसच्या छोट्या अॅम्प्लिकॉनवर (पीसीआरमधे वाढवायच्या तुकड्यावर) काम भागतं, एका गटातच असेल तर नुसतं नॉर्मलाइज करून (न बदलणाऱ्या जीनशी ताडून) ते जात नाही, तेवढी सॅम्पल बाजूलाच ठेवावी लागतात. आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोलही लावा, जीनोमिक डीएनए राहून गेला तर तोही सीटी फसवतो. २०१७ च्या हंगामात या अळीनं आपल्याकडं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, असल्या कामाचा निकाल चुकीचा निघायला नको हो.

प्रश्न : बीडकडच्या शेतातून सॅम्पल आणायचंय, लिक्विड नायट्रोजन नाही. बर्फाच्या डब्यात चालेल का?

उत्तर : नुसत्या बर्फानं सडणं मंदावतं, थांबत नाही. आरएनएलेटर (आरएनए टिकवून ठेवणारा द्रव) न्या, पण अख्खी अळी त्यात टाकू नका, कातडीतून ते नीट आत शिरत नाही, आतडं तिथंच काढून टाका. कुठलाही टिश्यू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको आणि द्रव त्याच्या किमान पाचपट. बाटलीवर २५ अंशाला आठवडा टिकतं असं लिहिलेलं असतं, पण ३७ अंशाला ते एका दिवसावर येतं, आणि आपल्याकडं उन्हात उभ्या गाडीत ३७ कधीच पार होतं, तेव्हा त्यासाठी बर्फाचा डबा हवाच. आल्यावर रात्रभर फ्रीजमधे, मग डीप फ्रीझरला. शिवाय तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारून बघा, रेतनाच्या कांड्या ठेवायला त्यांच्याकडं लिक्विड नायट्रोजन येत असतं.

प्रश्न : लातूरहून लिहितोय. पॅथॉलॉजीतल्या जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून आरएनए काढला, आरआयएन २ आला. उपयोग आहे का?

उत्तर : पॅराफिन ब्लॉकमधला टिश्यू आधी फॉर्मलिनमधे ठेवलेला असतो, त्याला आरआयएन लावूच नका, तो खालीच येणार. त्याऐवजी डीव्ही२०० काढा, म्हणजे २०० बेसपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत ते. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सिक्वेन्सिंगवर पैसे घालू नका. वर असेल तर करा, पण पॉली-ए पद्धतीनं (शेपटीला धरून आरएनए वेचायच्या) नाही, राइबोसोमल आरएनए काढून टाकायच्या पद्धतीनं. आणि पुढच्या वेळी ब्लॉक कापताना वरच्या पहिल्या दोन-तीन चकत्या सोडून द्या, त्या हवेला लागलेल्या असतात.