थायरॉइडची सूज : गोळी खरोखर आयुष्यभराची असते का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून मुलुंडला राहते व फोर्टमध्ये नोकरी करते. पावसाळ्यात आठवडाभर सर्दी-खोकला झाला. तो बरा झाल्यावर काही दिवसांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखू लागले आणि कळ उजव्या कानापर्यंत जाऊ लागली. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवले, मग दाढ असेल म्हणून दंतवैद्यांना. संध्याकाळी कणकण येते, छातीत धडधडते, वजन तीन किलोने उतरले आहे. रक्ततपासणीत टीएसएच ०.०२ आणि टी-४ वाढलेले आले. माझ्या नणंदेला थायरॉइडची गोळी कित्येक वर्षे चालू आहे. मलाही ती कायमची घ्यावी लागेल का? मुळात ही सूज आली कशाने?
— एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, आपण दिलेला क्रम, म्हणजे आधी सर्दी-खोकला, मग गळ्यात दुखणे, कानाकडे जाणारी कळ आणि संध्याकाळची कणकण, हा विषाणुसंसर्गानंतर येणाऱ्या थायरॉइडच्या सुजेशी चांगलाच जुळतो. गळा चाचपून पाहिल्याशिवाय निदान पक्के म्हणता येणार नाही. परंतु या आजाराचे रुग्ण आधी कानाच्या किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जातात, हेही नेहमीचेच आहे. या प्रकाराला सबअक्यूट थायरॉइडायटिस म्हणतात. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक डी क्वेर्वेन यांनी १९०४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नावही त्याला दिले जाते. चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांत तो अधिक दिसतो.

वाढलेल्या टी-४चा अर्थ येथे नीट समजून घ्यायला हवा. टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक; टीएसएच हा मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला कामाचा हुकूम, म्हणून टी-४ वाढले की टीएसएच घटते आणि टी-४ कमी पडले की ते वाढते. थायरॉइड ग्रंथी कित्येक आठवडे पुरेल एवढे संप्रेरक आपल्यापाशी साठवून ठेवते. सुजेमुळे तिच्या पेशी फुटतात आणि हा साठा रक्तात उतरतो. सोसायटीच्या गच्चीवरील टाकीला तडा गेला की जिन्यात पाणीच पाणी होते, पण म्हणून महापालिकेने पाणी वाढवलेले नसते. तसेच हे आहे. ग्रंथी जादा संप्रेरक तयार करत नसल्यामुळे ते तयार होणे थांबवणारी कार्बिमॅझोलसारखी औषधे येथे उपयोगी पडत नाहीत. ती ग्रेव्हज आजाराची, म्हणजे ग्रंथी खरोखरच जादा संप्रेरक तयार करते त्या आजाराची औषधे आहेत, आणि ग्रेव्हजमध्येही टी-४ वाढलेले व टीएसएच घटलेले असल्याने नुसत्या रिपोर्टवरून दोन्ही आजार सारखेच भासतात. फरक करायचा तर ईएसआर, म्हणजे शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी, पाहावा; या सुजेत तो बहुधा ५०च्या वर जातो आणि कधीकधी शंभरीही ओलांडतो. तरीही शंका उरली तर थायरॉइडचा स्कॅन करतात. त्यात ग्रेव्हजची ग्रंथी किरणोत्सारी द्रव्य भरभरून शोषते, तर सुजलेली ग्रंथी जवळजवळ काहीच शोषत नाही. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आणि शहरातील मोठ्या रुग्णालयांचे न्यूक्लिअर मेडिसिन विभाग येथे हा स्कॅन होतो. गरोदरपणात मात्र तो करत नाहीत.

उपचार सूज आणि त्रास यांवर असतो. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, आणि धडधड व थरथर यांसाठी प्रोप्रॅनोलॉल दिले जाते; आपल्याला दमा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्याने भागले नाही तर स्टेरॉइड देतात. त्याने एक-दोन दिवसांतच इतके हलके वाटते की रुग्ण गोळी स्वतःच बंद करून मोकळा होतो आणि दुखणे पुन्हा डोके वर काढते. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा हळूहळू उतरवत न्यावी. अँटिबायोटिकचा येथे उपयोग नाही. अपवाद जिवाणूंमुळे पू होणाऱ्या सुजेचा. ती क्वचितच होते, पण गळ्याची कातडी लाल व गरम झाली, जोराचा ताप चढला किंवा घोट गिळणेही अशक्य झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. काही आठवड्यांनी साठा संपतो, मग टीएसएच उलट वाढते, सुस्ती येते, थंडी सोसत नाही, वजन वाढते. या टप्प्यावर काढलेला रिपोर्ट पाहून “थायरॉइड कमी आहे, आता गोळी कायमची” असे सांगून टाकणे मला घाईचे वाटते. गोळी लागली तरी ती बहुधा काही महिन्यांपुरतीच लागते. दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करत राहिल्यास बहुतेकांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत झालेली दिसते. कायमची गोळी थोड्याच जणांच्या वाट्याला येते.

नणंदेचा आजार बहुधा हाशिमोटो या प्रकारातला असावा. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या या सुजेत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. त्यात बहुधा दुखत नाही, ताप येत नाही. ग्रंथी वर्षानुवर्षे झिजत जाते आणि रक्तात थायरॉइडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे सापडतात. नणंदेची गोळी दीर्घकाळची आहे, ती तशीच चालू राहू द्यावी. पण त्यावरून आपल्या आजाराचा अंदाज बांधू नये.

प्रश्न : माझ्या सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने झाले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती फार चिडचिड करी, घामाघूम होई. आता दिवसभर सुस्त असते, हातपाय गार पडतात, केस मुठीने गळतात. केसांसाठी तिने बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. घरात सगळे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खाऊन भरून निघेल. थायरॉइड तपासावे का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : जरूर तपासावे. लाडू खुशाल द्यावेत, पण त्यांच्या भरवशावर दुखणे अंगावर काढू नये. गरोदरपणात दबलेली प्रतिकारशक्ती प्रसूतीनंतर उसळते आणि काही स्त्रियांत थायरॉइडला सूज आणते. आधी चिडचिड व घाम, मग सुस्ती, हा आपण सांगितलेला क्रमच त्याकडे बोट दाखवतो. अँटी-टीपीओ प्रतिपिंडे असणाऱ्या किंवा टाइप १ मधुमेह असणाऱ्या स्त्रियांना हा धोका जास्त असतो. त्यात गळा दुखत नाही, म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही. अशीच सुस्ती पंडुरोगात आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यातही येते, तेव्हा हिमोग्लोबिनही पाहावे आणि तिच्या मनाची विचारपूस करावी.

रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. जास्त मात्रेत ते घेतले असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झाले तर ते सकाळी अनशापोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावे आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत व त्यात चार तासांचे अंतर ठेवावे. अंगावर पाजताना हे औषध चालते. सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टर मात्रा कमी करून पाहतील. पुढच्या खेपेस दिवस राहिल्यास सुरुवातीलाच टीएसएच तपासून घ्यावे.

प्रश्न : हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी मला अमिओडॅरोन चालू आहे. गळ्यात काही दुखत नाही, तरी डॉक्टर दर सहा महिन्यांनी थायरॉइड तपासायला सांगतात. ते कशासाठी?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, प्रौढ माणसाची रोजची गरज मात्र १५० मायक्रोग्रॅमची. या आयोडीनमुळे ग्रंथीचे काम मंदावू शकते किंवा बेसुमार वाढू शकते, आणि खुद्द औषधानेही तिला सूज येऊ शकते. विनाकारण वजन घटू लागले किंवा आटोक्यात असलेले ठोके पुन्हा बिघडले, तर सहा महिने होण्याची वाट न पाहता तपासणी करावी. गोळी स्वतःहून बंद करू नये. ती हृदयासाठी आवश्यक आहे, शिवाय औषध शरीरात महिनोन्महिने रेंगाळत असल्याने एकाएकी बंद करून थायरॉइडला लगेच आराम मिळत नाही. निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांच्या आजारांचे तज्ज्ञ) या दोघांनी मिळून घ्यायचा असतो.