मुंबई सोडून म्हैसूरला जाताय? आधी एवढंच बघा

अभिनंदन, चांगला निर्णय घेतलाय. पण इथूनच घराचे फोटो बघून डिपॉझिट देऊ नका प्लीज, सगळे हीच चूक करतात! आधी महिनाभर सर्व्हिस अपार्टमेंट घ्या, कुवेंपुनगर, सरस्वतीपुरम, गोकुलम पायी फिरा आणि मगच घर ठरवा. ऑफिस हेब्बाळ इंडस्ट्रियल एरियात असेल तर विजयनगर बाजूला बघा. दसऱ्यात मात्र जाऊ नका, तेव्हा शहर पॅक असतं नि रूमचे भाव चढलेले.

दुसरं म्हणजे कन्नड, ते पहिल्या दिवसापासून बोला. हिंदीवर भागेल असं मुंबईकर धरून चालतो आणि मग शेजारी वर्षभर परकेच राहतात, तुम्ही नुसतं 'एष्टु?' (किती?), 'बेकु' (पाहिजे), 'बेडा' (नको) एवढं जरी देवराज मार्केटात तोडकंमोडकं बोललात ना तरी भाजीवाली आजी हसून पुढचे शब्द स्वतःच शिकवते, खरंच.

गाडी नेणार असाल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) मुंबई सोडण्यापूर्वीच काढा. १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर कर्नाटकात रजिस्ट्रेशन लागतं, रोड टॅक्सही तिथे भरावा लागतो. इथल्या रोड टॅक्सचा रिफंड, शाळा वगैरे नंतर बोलू, आत्ता डोक्याला ताप नको.

आणि दादरहून म्हैसूरला शरावती एक्सप्रेस आहे, आईबाबांना सांगून ठेवा.