चाळीच्या जागी टॉवर, मग शोध कुठून सुरू करू?

प्रश्न : माझे पणजोबा पाटण तालुक्यातल्या गावातून मुंबईला गिरणीत गेले, पुढे आजोबाही लागले. 1982च्या संपानंतर बिऱ्हाड आवरून सगळे कराडला आले. हल्लीच लालबागला जाऊन आलो. आजोबा सांगायचे त्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि ओळखीचं कुणीच नाही. ते कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते, कुणासोबत राहिले, हे आता कसं कळेल?
– एक वाचक, कराड

उत्तर : लालबाग तूर्त राहू द्या, सुरुवात गावातूनच करा. गिरणगावातला शेजार बराचसा गावाने ठरवलेला असायचा. माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. आमच्या मजल्यावर घाटावरच्या एका गावाची खोली होती. भिंतभर खुंट्या, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, कोपऱ्यात वळकट्यांची चवड. पहिल्या पाळीचे निघाले की रात्रपाळीवाले त्यांच्याच जागी पथारी टाकायचे. जेवण खानावळीत. या खोलीची वही असे: भाड्याची वर्गणी कुणी दिली, कुणाची थकली, मयताला काय खर्च झाला. तुमच्या गावचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असेल, तर जुन्या वह्या कुणाकडे आहेत ते आधी विचारा. मंडळी आता नालासोपारा-डोंबिवलीकडे पांगली असतील, पण गावाकडे त्यांचे फोन नंबर मिळतीलच.

दुसरं विचारायचं ते जॉबरचं नाव. गिरणीत भरती तोच करायचा, पुष्कळदा आपल्या गावची, नात्यातली माणसं. ‘आजोबांना कुणी लावलं?’ एवढं कळलं तरी गिरणी आणि खातं सापडायची शक्यता बरीच वाढते.

आजोबा संपापर्यंत नोकरीत असतील तर घरातली एक फाईल हुडकाच. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागे. त्यासाठी अनेक घरांनी ओळखपत्र, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड असं सगळं एकत्र जमवलं. अर्ज कदाचित आत्याने किंवा थोरल्या काकांनी भरला असेल, घर लागलं नाही म्हणून फाईल कपाटात पडून राहिली असेल. पगाराची चिठ्ठी मिळाली तर गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर (म्हणजे कामगाराचा क्रमांक) बघा.

पणजोबांसाठी मात्र पाटणच्या तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात जा. जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, वारसनोंद असते. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुनी पानं मोडी लिपीत असली तर मोडी वाचणारा सोबत न्या. साताऱ्याकडच्या कित्येक घरांची वंशावळ हेळव्यांकडे, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्यांकडे, आहे. ते दारी आले तर बसवून घ्या आणि सगळी लिहून काढा, पण सालांसाठी भरवसा फेरफारावरच ठेवा. घरचं कुणी नाशिकला श्राद्धकर्माला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचा अंगठाही निघू शकेल.

आता घाई कशाची, तेही सांगतो. संपाच्या वेळी जे तिशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. कागद आणखी दहा वर्षं टिकेल, ही माणसं थांबणार नाहीत. बीडीडी चाळींचंच बघा. 1920च्या दशकात बांधलेल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या या चाळी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर पाडून नव्या इमारती उठताहेत. नात्यातलं कुणी तिथे असेल तर ते हलण्याआधी गाठा.

भेटल्यावर ‘काय आठवतं?’ असं मोघम विचारू नका. पाळी कुठली, खानावळ कुणाची, भजनी मंडळ कुठलं, पगाराच्या दिवशी दारात कोण उभं असायचं, असं नेमकं विचारा. आणि बायकांना जरूर विचारा. खानावळ चालवणाऱ्या मावशीला कोण कुणाच्या पंगतीला बसतो, कुणाचे पैसे थकलेत, कुणाच्या घरी काय आजारपण आहे, सगळं ठाऊक असे. गिरणगावाचा इतिहास सांगताना या बायकांना वगळतात, याचा मला मनापासून राग येतो.

चैत्र-वैशाखात तुमच्याकडे जत्रा असेल तर मुंबईकर मंडळी गावी येतील. आजोबांचा एखादा ग्रुप फोटो असेल तर त्याच्या मोठ्या प्रती काढून घेऊन जा, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहायला जागा सोडा, आणि मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आहे का तेही पाहून ठेवा.