कानांवर हात ठेवून ऐकणारा मुलगा

"मॅडम, याला संगीताची आवडच नाही, असं आता धरून चालू का?" डोंबिवलीहून आलेल्या आईने खुर्चीत टेकता टेकताच विचारलं. साडेसहा वर्षांचा लेक दाराशी माझ्या चपला जोडीने लावत बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

झालं होतं असं. हौसेने तिकिटं काढून तिघं पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायला गेली. पहिलीच सिम्फनी चाळीस मिनिटांची. दहाव्या मिनिटाला पोरगा खुर्चीखाली. मग ट्रम्पेट आणि मोठे नगारे एकदम कडाडले तसा कानांवर हात दाबून रडायलाच लागला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. आई त्याला उचलून बाहेर आली आणि जिन्यात स्वतःच रडली. "भजनात आजोबांच्या मांडीवर झोपतो, मध्येच उठून पळतो, कोण्णी काही म्हणत नाही. तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

म्हणजे दुखलं होतं ते त्या वळून बघण्याने. मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न तर अजून सुरूच झाला नव्हता.

मी मात्र आधी चुकले. घरी वाद्यांची चित्रं दाखवा, म्हटलं. आईने त्याची शिकवणीच केली. आठवड्याने स्वारी भिंतीकडे बघत "फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून" असं पाढ्यासारखं म्हणू लागली. बसून नावाचं वाद्य पाठ झालं. बसून ऐकणं तेवढं राहिलं. चित्रं ड्रॉवरमध्ये गेली.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं, त्यालाच विचारलं. कानांवर हात का ठेवलेस रे? "तो काका मारणार, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मिक्सर, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा यांनीही मूल असंच कासावीस होत असेल, तर कान तपासून घ्यावेत, ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही दाखवावं. याचं तसं काही नव्हतं. त्याला न सांगता आलेला आवाज नको होता, इतकंच.

लहान मुलांना घेऊन जायच्या मैफली वेगळ्या असतात: साधारण तासाभराच्या, तुकडे छोटे, मध्ये कुणीतरी बोलणारं. अमेरिकन वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन १९५८ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मुलांच्या मैफलींत हेच करायचे. थोडं वाजवून घ्यायचं, थोडं बोलायचं. चार-सहा महिन्यांनी या कुटुंबाला तशी एक मैफल मिळाली, रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ'ची. १९३६ साली मॉस्कोत मुलांसाठीच लिहिलेली ही अर्ध्या तासाची गोष्ट. पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, लांडगा म्हणजे तीन हॉर्न. शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बार मात्र टिंपानी (म्हणजे ते मोठे नगारे) आणि बास ड्रमवर वाजतात. घरी फक्त तेवढाच भाग दोनदा ऐकवा, म्हटलं. बाकी काही नको. आणि जागा बाल्कनीत, कडेची घ्या. खाली पुढे बसलं की व्हायोलिनवाल्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि मुलांना बघायचे असतात मागचे ढोल.

वीस मिनिटं आधीच पोचा, असंही सांगितलं होतं. ओबोवाला सूर देतो (आपली पांढरी सहा) आणि सगळे त्याला मिळवून घेतात, ते मुलांना फार आवडतं. पण आमच्या स्वारीचं तिकडे लक्षच नव्हतं. आईने नंतर सांगितलं, "टिंपानीवाला ढोलावर वाकून, कान अगदी चामड्याजवळ नेऊन, बोटाने हळूच टिचकी मारत होता. हा म्हणाला, आजोबांच्या तबलेवाल्यासारखं लावतोय!"

बंदुकीचे बार आले तेव्हा त्याने आधीच कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने ओरडला, "आता!" पुढच्या रांगेतलं कुणी वळलं का, हे बघायचं आईला सुचलंच नाही. शेवटची दहा मिनिटं तो बाबांच्या खांद्यावर झोपला होता.

"झोपला म्हणजे कंटाळला का हो?" फोनवर तिने विचारलंच. भजनात झोपतो तेव्हा काय म्हणता, मी विचारलं. ती हसली.

परवा तिचा मेसेज आला. आता घरातल्या पाण्याच्या पिंपाला कान लावून टिचक्या मारणं चालू आहे. पिंप भरलेलं असलं की सूर वेगळा येतो म्हणे, आणि म्हणून ते रिकामं करायचं असतं.