घडा टिकला, गार पाण्याचे काय?

प्रश्न: माझी भाची मातीकाम शिकली असून परदेशातील एखाद्या कुंभारवस्तीत राहून तिथली जुनी कला जपण्याचे काम करण्याची तिची इच्छा आहे. बाहेरच्या कलावंतामुळे अशी कला खरोखर टिकते, की बदलून जाते? – एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही घडते, आणि नायजेरियातील एका उदाहरणात ते स्पष्ट दिसते. नामवंत ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांचे शिष्य मायकेल कार्ड्यू, हेही ब्रिटिश कुंभारच, यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी, वसाहतीच्या सरकारी नोकरीत असताना, तेव्हाच्या अबुजा (आजच्या सुलेजा) गावी प्रशिक्षण केंद्र उभारले. तिथल्या अमीरांच्या, म्हणजे पारंपरिक शासकाच्या, वाड्यात त्यांना ग्बारी समाजातील लाडी क्वाली यांचे पाण्याचे घडे दिसले होते. १९५४ मध्ये लाडी या केंद्रात आल्या. तिथे शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

ग्बारी स्त्रिया चाकाविना घडे घडवीत. घडा जागेवर ठेवून, स्वतः त्याच्याभोवती फिरत, मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि ओल्या अंगावर सरडे, साप, मासे कोरायचे, अशी ती रीत होती. केंद्रात लाडी चाकावरचे कामही शिकल्या, पण मोठे घडे त्यांनी जुन्याच रीतीने घडवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बदलले ते भाजणे. गावात घडे उघड्यावर, गवत-लाकडाच्या आगीत भाजत. त्यामुळे ते सच्छिद्र राहत, पाणी अंगातून झिरपून वाऱ्यावर उडे आणि आतले गार होई, जसे आपल्या माठात होते. केंद्रातील घड्यांवर मात्र ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढे आणि भट्टीच्या कितीतरी अधिक तापात ते इतके घट्ट होत की त्यांतून पाणी झिरपत नसे. ते संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेले.

लाडींनी ब्रिटन-अमेरिकेत प्रात्यक्षिके दिली, केंद्राला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि नायजेरियाच्या २० नायरांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. खेड्यातील स्त्रीच्या हातकामाला लाभलेला हा मान मी मुळीच कमी लेखणार नाही. परंतु त्याने घरोघरच्या घड्याला गिऱ्हाईक मिळाले, असे म्हणता येणार नाही.

म्हणून भाचीने वस्तीत गेल्यावर आधी तिथल्या बायकांबरोबर माती आणायला जावे, घरात पाणी आज कशात साठवतात आणि भांडी कोण विकत घेते हे विचारावे, आणि ग्लेझचा विषय त्या बायकांनी काढला तरच काढावा.