मिठी नदी, कालवे आणि जाळ्याचे गणित

प्रश्न : संगणकाच्या जाळ्यांसाठी वापरतात तो जालसिद्धान्त (बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे यांचे गणित) नद्यांना आणि कालव्यांना लावता येतो का? मिठीचा पूर आणि आमच्या गावच्या कालव्याच्या टेलला (शेवटच्या टोकाला) न पोहोचणारे पाणी, या दोन्हींवर त्यातून काही प्रकाश पडेल का?
— एक वाचक, कुर्ला, मुंबई

उत्तर : लावता येतो, परंतु समाजमाध्यमांच्या जाळ्यांसाठी घडवलेली मोजमापे जशीच्या तशी उचलून नव्हे. तेथे ज्या बिंदूला सर्वाधिक दुवे, तो महत्त्वाचा मानतात. नदीच्या जवळजवळ प्रत्येक संगमावर मात्र दोन प्रवाह येतात आणि एक पुढे जातो, त्यामुळे दुवे मोजून हाती काहीच लागत नाही. येथे पाहायचे ते प्रत्येक दुव्याच्या मागे किती पाणलोट क्षेत्र उभे आहे. लहान ओढ्यापासून मोठ्या नदीपर्यंत प्रवाहांना चढती श्रेणी लावण्याची पद्धत जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी 1945 मध्ये मांडली, तिचा उपयोग आजही होतो.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठीला गणितज्ञ फोर्ड आणि फुल्करसन यांचा 1956 चा सिद्धान्त अधिक उपयोगी पडतो. जाळ्यातून जाऊ शकणारा कमाल प्रवाह हा उगमाला मुखापासून तोडणाऱ्या सर्वांत कमी क्षमतेच्या छेदाइतकाच (म्हणजे जे दुवे तोडले की वाट बंद होते, त्यांच्या एकूण क्षमतेइतकाच) असतो, असे तो सांगतो. म्हणजे खाली एखाद्या पुलाशी पात्र आवळलेले असताना वरचे पात्र रुंद केले, तर पाणी त्या पुलापाशी अधिक वेगाने येऊन तुंबते, एवढेच. (नालेसफाईचे आकडे वाचताना गाळ किती काढला यापेक्षा तो कोठून काढला, हे विचारावे.)

तथापि मुंबईत या गणिताची दोन गृहीतके डळमळतात. एक, दुव्याची क्षमता स्थिर नसते. भरतीच्या वेळी खाडीकडचा दुवा जवळपास बंद होतो आणि पाणी उलटे चढते. दुसरे, बिंदूमध्ये जितके पाणी येते तितकेच लगेच बाहेर पडते, असे मूळ सिद्धान्त मानतो. पण खारफुटी आणि खाजण जमीन पाणी काही तास धरून ठेवत असे, आणि वांद्रे-कुर्ला संकुल अशाच जमिनीवर भराव घालून उभे राहिले आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही दोन्ही वैगुण्ये एकाच वेळी भोवली. म्हणून येथे साठवणीची आणि घड्याळाची भर घातलेले जाळेच वापरले पाहिजे.

कालव्याचे जाळे नदीच्या उलट, फाटत जाणारे असते: मुख्य कालवा, शाखा, वितरिका, शेवटी शेतचारी. टेलच्या शेताला पर्यायी वाट नसते, आणि वाटेतला पाझर व माथ्याकडचा जादा उपसा प्रत्येक दुव्यावर त्याच्याच वाट्यातून वजा होतो. आधी टेलला आणि मग माथ्याकडे असे आवर्तन (पाण्याची पाळी) देण्याचा आग्रह धरला जातो, तो याच रचनेमुळे.